अभिमन्यू, मुक्काम डोंबिवली पूर्व

डोंबिवलीकर उशिराला घाबरत नाही. सकाळची फास्ट दहा मिनिटं उशिरा आली तर तो तिला ‘वेळेवर’ म्हणतो, वीस मिनिटं झाली तर पेपर उघडतो. पण शेजारच्या घरातलं बाळ पाचव्या महिन्यात पालथं पडलं नाही, की याच माणसाची झोप उडते. गाड्यांना मिळते ती सवलत आमच्याकडे बाळांना नाही.

सुरुवात ड्यू डेटपासूनच झाली. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे, ही रीत नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते. तो एकोणिसाव्या शतकातला गृहस्थ. आणि नेमक्या त्या तारखेला जन्मतात शंभरातली चार-पाच बाळं. म्हणजे तो सगळा अंदाजच. सासूबाईंनी मात्र ती तारीख कालनिर्णयवाल्यांनीच छापलीय अशा श्रद्धेने लाल पेनाने गोल केली. तारीख उलटल्यावर सोसायटीच्या जिन्यात जो भेटेल तो विचारू लागला, “अगं, तू अजून इथेच?” प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करावी, एवढंच माझ्या हाती होतं.

त्याआधी आठवा महिना संपेपर्यंत मी फोर्टमधल्या ऑफिसला जात होते. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला मुभा असते, पण माझा जीव आमच्या लेडीज डब्यात. तिथे मटार सोलायला सोबत आहे, साडीचे हप्ते आहेत, आणि माझं डोहाळजेवणही तिथेच झालं. मुलुंड मागे पडत असताना ओटी भरली, घाटकोपरला पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. मी उचलली तिच्यात बर्फी निघाली. (झाला मुलगा. पण ऐन वेळी ब्रेक लागला होता, वाटीचा दोष नाही.)

पोटातल्या बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाहेरचे आवाज ऐकू येतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. नणंदेने लगेच गर्भसंस्काराचे श्लोक मोबाइलवर पाठवले. बाळाने ऐकलं ते वेगळंच. “कुठे उतरणार?”, “आत सरका हो, मध्ये सगळं रिकामं आहे!”, “पुढील स्टेशन, ठाणे.” आता सुभद्रेची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. चक्रव्यूहाचं वर्णन ऐकता ऐकता तिला झोप लागली, आणि अभिमन्यूला आत शिरणं तेवढं कळलं. माझीही तीच कथा. डोंबिवलीच्या गर्दीत आत कसं घुसायचं, हे बाळाने साद्यंत ऐकलं. मग कुणीतरी पोटाकडे बघून चौथी सीट द्यायचं आणि ठाणं यायच्या आत मी घोरायला लागायचे. उतरायचा धडा त्याच्या कानावर पडलाच नाही.

त्यामुळे बाहेर यायची वेळ आली तेव्हा व्हायचं तेच झालं. कळा रात्री सुरू झाल्या. घर पूर्वेला, प्रसूतिगृह पश्चिमेला, म्हणजे जवळजवळ परदेश. रिक्षात नवरा म्हणतोय, “हळू घ्या,” सासूबाई म्हणतायत, “अहो, पळवा!” आणि रिक्षावाला शांतपणे, “शेअर की स्पेशल?” पुढे रात्रभर डॉक्टरबाई “आलंच, आलंच, अजून थोडा जोर” म्हणत होत्या. दारातल्या बायका दादरला हेच म्हणतात, पण तिथे निदान मागून कोणीतरी ढकलतं. उजाडता उजाडता तो आला. तिथल्या मावशींनी त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि म्हणाल्या, “उतरला एकदाचा!”

प्रसूती रजा २०१७मध्ये १२ आठवड्यांवरून २६ झाली, ते उत्तमच झालं. माझी रजा संपली तेव्हा चिरंजीव नुकते बसायला लागले होते. बसलेल्या बाळाची सोय कायद्याने केली आहे, सुटलेल्या बाळाची घरच्यांनी पाहायची. आठव्या महिन्यात तो पोटावर सरकत सरकत थेट दिवाणाखाली शिरला आणि आत जाऊन भोकाड पसरलं. मग खुर्चीच्या पायांत, मग धुण्याच्या बादलीत, मग आजोबांच्या लेंग्यात. आत जाणं बिनचूक. बाहेर काढायला आम्ही.

पण शेजारच्या काकूंना हे रांगणं मान्य नाही. “गुडघ्यांवर रांगला नाही? आमचा तर सातव्यात घरभर!” म्हणून मी त्यांना जागतिक आरोग्य संघटनेची २००६ सालची माहिती ऐकवली. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली धडधाकट मुलं पाहिली, त्यातली शंभरातली चारेक हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच चालायला लागली. आणि एकट्याने चालणं? ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही.

“भारतात कुठे पाहिली?” काकूंनी विचारलं.

“दिल्लीत.”

“मग ठीक आहे. दिल्लीला चालत असेल.”

मालिशवाल्या मावशी त्याच्या मांड्या दाबून रोज सांगतात की पाय भक्कम आहेत, मनात नाही एवढंच. मला हे निदान पटतं.

आज तो सव्वा वर्षाचा आहे आणि चालत नाही. आमच्याकडे अजून अडीच महिने शिल्लक आहेत. तोवर जिन्यात भेटलात तर कृपया हवापाण्याचं बोला, आणि दिवाणाखालून आवाज आला तर पाय धरून ओढा.