रस्सा कुठंय?

आमच्या हिंगोलीत कोंबडी खायची तर आधी कॅलेंडर बघावं लागतं. सोमवार औंढ्याच्या नागनाथाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधेच एकादशी आली, की नर्सी नामदेव किती जवळ आहे याची आठवण आजोबा करून देतात. आजोबा माळकरी, त्यामुळे उरलेल्या वारीही कोंबडीला स्वयंपाकघरात प्रवेश नाही. तिचा संसार परसात: वेगळी कढई, वेगळा झारा, तीन दगडांची चूल. अशा घरात आमच्या चिरंजीवांनी फर्मान काढलं, ते कुरकुरीत चिकन घरी करा आणि ब्रेडमध्ये घालून द्या.

दुकानात मांडीचे तुकडे हाड काढून मागितले, तर दुकानदाराची सुरी हवेतच थांबली. "हाडं काढून? मग चोखणार काय?" त्यानं दयाबुद्धीनं हाडं वेगळ्या पिशवीत बांधून दिली. घरी बाबांचा आक्षेप मुळावरच होता: ब्रॉयलरला चव नसते, गावरान आणायची. पण गावरान कोंबडी जन्मभर उकिरडे पालथे घालत पळालेली असते. ती चुलीवर निवांत रटरटावी तेव्हा कुठे मऊ होते. कढईत आठ-दहा मिनिटांत शिजायचं, तर ते सहा आठवड्यांत दुकानात पोचणाऱ्या ब्रॉयलरलाच जमतं.

तुकडे रात्रभर आंबट ताकात ठेवायचे असतात. ताकातल्या आम्लानं मांस सैल होतं, मीठ आतपर्यंत मुरतं. "ताकात कोंबडी? काय करायलास बाबा हे?" म्हणत आईनं ताकाचं ते पातेलं कायमचं परसात धाडलं.

खरी करामत पिठाची. नुसत्या मैद्याचं कवच चिवट होतं, म्हणून त्यात कॉर्नफ्लॉवर. त्यावर दोन-तीन चमचे ताक शिंपडून बोटांनी चोळायचं. ज्या बारीक गुठळ्या होतात, त्याच तळल्यावर खडबडीत कुरकुरीत होतात. पीठ लावलेले तुकडे पाव तास तसेच ठेवायचे, म्हणजे तेलात कवच सुटत नाही. त्या कुरकुरीत चिकनवाल्या कर्नल सँडर्सनं ११ मसाल्यांचं गुपित जन्मभर जपलं म्हणे. आमच्या काकूच्या काळ्या मसाल्यात त्याहून जास्त जिन्नस असतात आणि ती बसस्टँडवरही सगळे सांगते, फक्त प्रमाण सोडून. मी मीठ-तिखट मोजेपर्यंत आईनं पिठात मूठभर हळद लोटली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय; तेव्हापासून तर आईला अडवणं म्हणजे जिल्ह्याशी गद्दारी.

तेल १७० अंशांच्या आसपास हवं. लाकडी चमच्याचा दांडा बुडवला आणि भोवती बारीक बुडबुडे धावले, की तापलं समजायचं. पण परसातल्या वाऱ्यानं शेगडीची ज्योत कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला. शेवटी पत्र्याचा आडोसा धरून चिरंजीवांना उभं केलं. एका वेळी तीन-चारच तुकडे सोडायचे, नाहीतर तेल थंड पडून पिठात मुरतं. बाबा मागून, "टाक की समदे, किती येळ?" तळलेले तुकडे पापड भाजायच्या जाळीवर ठेवले, कारण कागदावर खालची बाजू वाफेनं लगेच सादळते.

रंग हळदीच्या समारंभाचा, पण आवाज अस्सल! मी ब्रेडच्या स्लाइस मांडल्या. आजी दारातूनच म्हणाली, "कुणाला ताप आलाय?" आमच्याकडे ब्रेड दुधात बुडवून आजाऱ्यानं खायचा असतो, धडधाकट माणसाला भाकरी. तेवढ्यात बाबांनी पंक्तीचा मुख्य प्रश्न विचारला, "रस्सा कुठंय?"

रस्सा होता. पिशवीतली ती हाडं आईनं मागच्या चुलीवर कधी चढवली, कळलंही नाही. वर लाल तर्री. जाळीवरचे तुकडे एकेक करून त्यात गेले. "आता लागली चव," बाबा म्हणाले. चिरंजीवांनीसुद्धा सँडविच दोन्ही हातांनी धरून रश्श्यात बुचकळलं.

उरला प्रश्न अर्ध्या कढई तेलाचा. आजोबांच्या घरात ते आत जाणं शक्य नाही, आणि आजच्या भावात ओतून द्यायला आईचा हात धजेना. मग बाबांनीच ते बाटलीत भरलं आणि अंगणाच्या लोखंडी फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं. आता फाटक कुरकुरत नाही, पण गल्लीतली सगळी कुत्री दिवसभर ते चाटत बसलेली असतात, आणि आजोबा मागच्या दारानं देवळात जातात.