बैलाला मैदान, गाडीला घाट

पसरणी घाट ही शर्यतीची जागा नाही. वाईकराला हे सांगावं लागू नये, पण सुट्टीच्या आदल्या रात्री गाड्यांचे आवाज खाली गावापर्यंत येतात, तेव्हा सांगावंच लागतं. त्या रस्त्यावर पाचगणीहून उतरणारी एसटी असते, दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल असते, स्ट्रॉबेरीचा टेम्पो असतो, आयुष्यात पहिल्यांदा घाट चढणारा पर्यटक असतो. यांच्यापैकी कुणीही तुमच्या शर्यतीत नाव नोंदवलेलं नाही.

घाट नको म्हणून कुणी सुरूर फाट्याचा रस्ता धरतो, कुणी हायवे. तिथेही तेच. खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या एस वळणानं किती घरं उजाडली, हे खंडाळ्याच्या लोकांना विचारा.

आता गाड्यांकडे बघा. प्रीमियर पद्मिनीत चाळीस हॉर्सपॉवर होते. तेवढ्यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी हाच घाट चढला, मध्ये थांबून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि पुढे गेले. आज चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ मोठ्या बॅटरीसह २८६ हॉर्सपॉवर देते आणि ० ते १०० चा वेग ६.७ सेकंदांत गाठते, असं कंपनी सांगते. सात पद्मिनींचा जोर एका गाडीत, तोही हप्त्यावर. व्हर्टस आणि स्लाव्हियाचं दीड लिटरचं टर्बो इंजिन कारखान्यातूनच १५० घेऊन येतं आणि पुण्यात एका दुपारी लॅपटॉप जोडून, म्हणजे रीमॅप करून, त्यात आणखी भर घालून मिळते. जोर स्वस्त झाला. वळणं तीच राहिली, कठडे तेच राहिले, आणि चालवायला शिकवणारी शाळा अजून समांतर पार्किंगच्या पुढे गेलेली नाही.

१९ मे २०२४ ला मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये पोर्शेच्या धडकेत मोटरसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. तो शहरातला सरळ, रुंद रस्ता होता. घाटात काय होईल, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं, की सार्वजनिक जागी शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांनी हे कलम लावावं, आणि बापाची ओळख न विचारता लावावं. पण नुसत्या कलमानं हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही, आणि तसं वाटू नये याचा पुरावा आपल्याच दोन जिल्ह्यांत आहे.

सरळ रेषेत कोण पुढे, हा प्रश्न सातारा-सांगलीला नवा नाही. बैलगाडीचं मैदान बघा. पट्ट्यावर तास, म्हणजे प्रत्येक गाडीच्या वेगळ्या वाटा, आखले जातात. चिठ्ठ्या निघतात आणि कुठली जोडी कुठल्या गटात, कुठल्या तासावर, हे माइकवरून पुकारलं जातं. दात बघून वर्ग पडतात, आदत वेगळा, दुसा वेगळा, ओपन वेगळा. निशाणाजवळ झेंडा पंच असतो, वर ड्रोन असतो. गट, सेमी, फायनल. गाडी आपला तास सोडून दुसऱ्याच्या तासात घुसली की बाद. छकड्यावर बसणाऱ्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावच्या मैदानात पहिलं बक्षीस फॉर्च्युनर होतं आणि ती जिंकणाऱ्या जोडीची नावं होती हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेक फेल. ज्या मातीत बैलांची नावं अशी ठेवतात, त्या मातीतल्या पोराला वेगाची ओढ का, हे मला कुणी विचारू नये.

पण या मैदानांना आजची शिस्त सहज आली नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली. पुढच्या सात वर्षांत बैल पळायचे थांबले का? चोरून पळत राहिले. २० ऑगस्ट २०२१ ला आटपाडी तालुक्यातल्या झरे गावची शर्यत होऊ नये म्हणून पोलिसांनी नाकाबंदी केली, आणि आमदार गोपीचंद पडळकरांच्या समर्थकांनी पहाटेच दुसऱ्या माळावर बैल पळवले. अशा पळवण्यात कुणाला ना बैलाच्या पायाची काळजी घ्यायला वेळ असतो, ना कडेला उभ्या असलेल्या माणसाची. मग १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. आता हजार मीटरपेक्षा जास्त पळवायचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, पशुवैद्यक हजर ठेवायचा, बैलाला मारायचं नाही. या अटी प्रत्येक मैदानात पाळल्या जातात असं मी म्हणणार नाही. पण मोडल्या तर बोट ठेवायला अट आहे, आणि ज्याच्यावर बोट ठेवायचं त्याचं नाव अर्जावर आहे.

मोटारींच्या बाबतीत आपण अजून झरेच्या त्या पहाटेतच अडकलो आहोत. बंदी आहे, शर्यतही आहे, मैदान नाही.

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे मोटारीचं तेच मैदान. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दोन तास, प्रत्येकात एक गाडी, दोन्ही बाजूंना कठडा आणि शर्यतीच्या रेषेपुढे थांबायला मोकळी जागा. सुरुवातीला जमिनीलगत प्रकाशाचा किरण असतो. पुढचं चाक त्यात आणून उभं करायचं, दिवे वरून खाली उतरतात, हिरवा लागला की सुटायचं. घड्याळ मात्र हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, चाक किरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. म्हणून दिव्यावर डुलकी काढणाऱ्याची वेळ उत्तम येते आणि शर्यत हातची जाते. माणसाचा वेळ वेगळा, गाडीचा वेगळा. घाटात ही विभागणी कधीच होत नाही, तिथे सगळं श्रेय ड्रायव्हर घेतो आणि सगळा दोष समोरच्या ट्रकवर जातो.

स्ट्रिपवर पहिला धडा पहिल्या साठ फुटांत मिळतो. पुढच्या चाकांना जोर देणारी टर्बो गाडी पूर्ण पाय दाबून सोडली की चाकं जागेवर फिरतात, गाडी निघत नाही. त्या साठ फुटांत गमावलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेवर दीडपट-दुप्पट होऊन वसूल होतो. टायरमधली हवा, रबराचं तापमान, क्लच किती लवकर सोडला, हे सगळं कागदावर आकड्यांत येतं. रीमॅपवाल्यानं सांगितलेले हॉर्सपॉवर तिथे खरे-खोटे होतात. मला स्ट्रिपची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. तिथे फुशारकीला पावती मागतात.

आकड्यांवरून अंदाज घ्या. दीड हजार किलोची, २०० हॉर्सपॉवरची गाडी हे ४०२ मीटर पंधरा सेकंदांच्या आसपास कापते आणि शेवटी ताशी दीडशेच्या जवळ असते. त्या वेगातून थांबायला, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंद धरून, कोरड्या आणि चांगल्या डांबरावरही साधारण दीडशे मीटर लागतात. पसरणी घाटात वळणापलीकडचं दीडशे मीटर दिसेल अशी जागा मला दाखवा. थांबायच्या जागेची किंमत अमेरिकेतल्या अव्वल ड्रॅग शर्यतींनीही जीव देऊन शिकून घेतली. जून २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा हा नामांकित ड्रायव्हर रेषेच्या पलीकडे गाडी थांबवता न आल्यानं गेला, आणि त्यानंतर सगळ्यात वेगवान वर्गांची शर्यत पाव मैलावरून हजार फुटांवर आणली गेली. ज्यांच्याकडे पॅराशूट आहेत त्यांनी अंतर कमी केलं. आपल्याकडे पॅराशूट नाही, संरक्षक कठडा आहे आणि त्याखाली दरी आहे.

महागडी गाडी असलेल्यालाच हा खेळ परवडतो, असं समजू नका. ब्रॅकेट पद्धतीच्या शर्यतीत आपली गाडी किती वेळ घेईल ते आधी लिहून द्यायचं असतं. हळू गाडीला तेवढ्या फरकानं आधी सोडतात. लिहून दिलेल्या वेळेपेक्षा जलद गेलात तर बाद. तिथे जुनी झेन नीट ओळखणारा पोरगा बापाच्या पैशाची बीएमडब्ल्यू आणणाऱ्याला हरवू शकतो, बैलगाडीच्या मैदानात आदत बैलाला ओपनच्या बैलापुढे उभं करत नाहीत त्याच न्यायानं.

अमेरिकेतही ही गोष्ट रस्त्यावरच सुरू झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड खोलून रात्री रस्त्यावर पळवत होती, लोक वैतागले होते. १९५० मध्ये सांता ॲना इथे विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे भरून शर्यत लावायची सोय झाली. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. १९५४ मध्ये या संस्थेची चार माणसं एक स्टेशन वॅगन आणि मागे ट्रेलर घेऊन गावोगाव फिरली, तिथल्या पोरांना आणि पोलिसांना एकत्र बसवून सुरक्षित शर्यत कशी भरवायची ते शिकवत. मला त्या चार माणसांचं फार कौतुक वाटतं. पोलिसांची गाडी बघून पळणाऱ्या पोरांना त्यांनी पोलिसांशेजारी खुर्ची दिली.

महाराष्ट्रात अशी जागा नाहीच असं नाही. लोणावळ्यापुढे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरते, तेच पाव मैलाचं अंतर, मोटारी आणि बाइक दोन्ही. वाईहून पुणे आणि लोणावळा ओलांडून जायचं. कंपनीतून आली तशी लिटरची बाइक दहा-साडेदहा सेकंदांत रेष गाठते, हे आपल्या चाळीस लाखांच्या गाडीतून बघितलं की घाटातल्या पुष्कळ गोष्टींचा अर्थ लागतो. पण वर्षातून एखाद्या वेळी, तेही इतक्या दूर, यानं आपल्या पोरांची भूक भागत नाही.

जागा इथेही आहेत. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ मध्ये कराडची धावपट्टी झाली, लांबी १२८० मीटर. तिथे विमानं उतरतात आणि त्यांचाच हक्क पहिला, हे मान्य. सांगलीजवळ कवलापूरची धावपट्टी मात्र वर्षानुवर्षं विमानाविना पडून आहे. सांगलीकरांना तिथे विमान हवंय, ते यावं. ते येईपर्यंत पट्टा नीट करून, कठडे लावून, रुग्णवाहिका आणि अग्निशमन उभं करून महिन्यातला एक रविवार पोरांना द्यायला कुणाचा विरोध असावा? मोटरस्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाची नियमावली तयार आहे, नवी शोधायची नाही. बैलांसाठी जिल्हाधिकारी कार्यालय अर्ज तपासतं, तर मोटारींसाठीही तपासू शकेल.

गुणवत्ता नाही म्हणाल तर कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. बांधणारी माणसं नाहीत म्हणाल तर बालेवाडीचं क्रीडासंकुल उभारणारे बी. जी. शिर्के याच पसरणीचे. ज्या गावच्या माणसानं राज्याला एवढं मोठं क्रीडांगण बांधून दिलं, त्याच गावच्या माथ्यावरचा घाट पोरांनी क्रीडांगण म्हणून वापरावा, हे मला सहन होत नाही.

मैदान होईल तेव्हा होईल. तोवर अँबी व्हॅलीची नोंदणी उघडली की जा, पण तयारीनं जा. तुमच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे तिथे झालेलं नुकसान तुमच्या खिशातून जाणार, हे घरी आधीच सांगून ठेवा. रीमॅप केलं असेल तर विमा कंपनीला कळवलंय का ते बघा. हेल्मेट मापाचं घ्या, मित्राचं मागू नका. बॅटरी घट्ट आहे ना, तेल कुठे गळतंय का, ब्रेक पॅड किती उरलेत, हे गॅरेजवाल्याकडून आठवडाभर आधी तपासून घ्या, स्पर्धेच्या सकाळी नाही. डिकी रिकामी करा, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढा. पहिली फेरी पूर्ण जोर न लावता मारा, पट्टा कसा आहे ते कळू द्या. दोन फेऱ्यांमध्ये बॉनेट उघडून इंजिन निवू द्या. आणि याच गाडीनं घरी यायचं आहे, म्हणून निघण्याआधी ब्रेक पूर्ण थंड होऊ द्या, कमी केलेली हवा टायरमध्ये परत भरा आणि खंबाटकी उजेडात ओलांडा.