आधी पाप सांगा, मग कायदा शिका

अमेरिकेत वकिलीच्या शिक्षणाचा श्रीगणेशा कबुलीजबाबाने होतो. लॉ स्कूलच्या अर्जात ‘कॅरॅक्टर अँड फिटनेस’ नावाचा रकाना असतो. कधी आरोप ठेवला गेला होता का? कॉलेजने शिस्तभंगाची कारवाई केली होती का? ‘हो’ म्हणालात की पुरवणी जोडा. तिला म्हणतात अ‍ॅडेंडम. वेगाने गाडी हाकल्याची पावती कुठे माफ असते, कुठे तीही हवी असते. कोर्टाने रेकॉर्ड पुसून टाकलं असलं, तरी बरेच अर्ज बजावतात : पुसलेलंही सांगा.

न्यू जर्सीतल्या मराठी बापाची मती इथे गुंग होते. त्याची उभी जवानी पुण्यातल्या ट्रॅफिकच्या मामांना ‘साहेब, पावती कशाला, बघा ना काहीतरी’ करण्यात गेली. आता लेक विसाव्या वर्षी हॉस्टेलात हाती सापडलेल्या बिअरच्या कॅनवर टिपण लिहितेय, कारण तिथे प्यायचं वय एकवीस.

“कॅन मैत्रिणीचा होता म्हण की!”

“बाबा, सबब चालत नाही. तारीख, काय झालं, शिक्षा काय, बास.”

आईची चिंता निराळीच : मग स्थळांना पाठवायच्या बायोडेटात ‘निर्व्यसनी’ लिहायचं की नाही?

दुसरी पुरवणी गुणांची. लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे, म्हणजे एलसॅटचे गुण १२० ते १८० मध्ये मोजतात. पहिल्यांदा १५७ आणि पुढच्या खेपेला १६६ पडले, तर मधले नऊ कुठून आले याचा खुलासा करावासा वाटतोच. त्यामुळे या पुरवण्यांत परीक्षेच्या आदल्या रात्री निम्म्या अमेरिकेला ताप भरतो. वास्तविक कॉलेजचा डोळा वरच्या आकड्यावर असतो, कारण वर्गाचा मध्यांक त्यावरच निघतो आणि मध्यांकावर क्रमवारी हलते. तापाशी कुणाला देणंघेणं नसतं.

बिअर मात्र पाठ सोडत नाही. पुढे सनद देताना राज्याची बार परीक्षक मंडळी हाच जुना अर्ज मागवून ताडून बघतात. बनावट बातम्या रचणारा पत्रकार स्टीफन ग्लास पुढे कायदा शिकला, परीक्षाही पास झाला. २०१४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला सनद नाकारली. आधी न्यूयॉर्कला केलेल्या अर्जात त्याने आपल्या बनावट लेखांची यादीही पुरी दिली नव्हती, हे निकालात आलंच. थापा मारल्या तर मारल्या, निदान मोजदाद चोख हवी!

आणि मोजदाद तपासणारे? इलिनॉय विद्यापीठाच्या लॉ कॉलेजने प्रवेश घेतलेल्या मुलांचे एलसॅटचे आकडे वर्षानुवर्षं फुगवून सांगितले होते. २०११ मध्ये बिंग फुटलं, २०१२ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने अडीच लाख डॉलर दंड ठोकला. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या लॉ स्कूलचंही असंच बिंग त्याच सुमारास फुटलं. दोन्हीकडे वर्ग सुखेनैव भरतात, प्रवेशअर्जही येतात. तुम्ही भरणार असाल, तर हॉस्टेलच्या खोलीत गणपतीपुढे उदबत्ती लावून फायर अलार्म वाजवल्याचं तारखेसकट लिहा.