जॉइंट कस्टडी

पासवर्ड विसरल्यावर उपयोगी पडणारी डिस्क पासवर्ड आठवत असतानाच करून ठेवावी लागते. ज्याला आठवतोय त्याला ती नको असते आणि ज्याला हवी असते त्याला ती करता येत नाही. माझे सासरे नाना बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना हा नियम एकदम पटला.

नाना सोलापूरहून आमच्याकडे म्हैसूरला, कुवेंपुनगरात राहायला आले ते आपला कॉम्प्युटर घेऊनच. त्यात एफड्यांचे तक्ते. "मतदाराच्या बोटाची न पुसणारी शाई १९६२पासून या गावात बनते," ते म्हणाले, "आणि माझ्याच डोक्यातलं तेवढं पुसलं जातं. काहीतरी कर, सूनबाई." त्यांचा मुलगा कॉम्प्युटर कंपनीत आहे, पण तो घरच्या कॉम्प्युटरला हात लावत नाही. हलवायाच्या घरी कोण गोड खातं?

ही सोय जुनीच, २००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हापासूनची. तेव्हा फ्लॉपी लागे, म्हणून नाव अजून डिस्क. आता पेन ड्राइव्ह चालतो. तो नानांनी सयाजीराव रोडवरूनच आणायला लावला. रस्त्याला बडोद्याच्या गायकवाडांचं नाव आहे, तिथे आपल्या माणसाला फसवणार नाहीत, असा त्यांचा हिशेब.

कंट्रोल पॅनेल, यूजर अकाउंट्स, 'क्रिएट अ पासवर्ड रीसेट डिस्क', नेक्स्ट, नेक्स्ट. मग कॉम्प्युटरने सध्याचा पासवर्ड मागितला.

"तोंडं फिरवा सगळ्यांनी!"

आम्ही भिंतीकडे वळलो. नाना एका बोटाने टाइप करतात आणि बोट ज्या अक्षरावर पडेल ते मोठ्याने म्हणतात. "एस. कॅपिटल हं. ओ. एल..." सोलापूर पुरं झालं, मग जन्मसाल, मग "तो कानातल्यासारखा वेटोळ्याचा ए कुठाय?" खिडकी उघडी होती. पलीकडच्या गच्चीवर शेजारच्या आंटी सांडगे वाळत घालत होत्या.

पेन ड्राइव्हवर 'यूजरकी' नावाची चिमुकली फाइल उमटली. पुढे पासवर्ड कितीदाही बदला, हीच चालते. फक्त नवी डिस्क केली की जुनी बाद. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करणाऱ्यांना तिचा उपयोग नाही, ती त्या एका मशीनवरच्या लोकल खात्यापुरती. "आपलं खातं लोकलच बरं," नाना म्हणाले. "आणि हा पेन ड्राइव्ह ज्याच्या हाती लागेल, तो सरळ आत?"

"सरळ आत."

नानांचा चेहरा स्ट्राँगरूमसमोर उभं राहिल्यासारखा झाला. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असत. त्याच न्यायाने पेन ड्राइव्ह नानांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कमरेला. देवघेवीसाठी वही, वहीत सह्या. आईंनी पहिली सही करताना नानांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती वहीत नोंदवायला रकाना नव्हता.

खंडेनवमीला म्हैसूर पूजा करण्यात कुणाला हार जाणार नाही. राजवाड्यात शस्त्रं, रस्त्यावर झेंडू बांधलेल्या रिक्षा आणि चाकाखाली ठेवायला लिंबं. आमच्याकडे कॉम्प्युटरबरोबर पेन ड्राइव्हही पाटावर बसला. रीतसर सही करून आईंनी तो बाहेर काढला आणि नेमकं त्याच्या उघड्या तोंडात हळदकुंकू वाहिलं. ते मी टूथपिकने कोरून काढत होते, तर त्या म्हणाल्या, "राहू दे थोडं. शकुनाचं असतं."

कार्तिकात एका सकाळी व्हायचं ते झालं. आई मैत्रिणींबरोबर चामुंडी टेकडीवर गेलेल्या, अर्थात किल्लीसह. कॉम्प्युटरने नानांचा पासवर्ड नाकारला आणि खाली 'रीसेट पासवर्ड' अशी ओळ दाखवली. नानांनी कपाटाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, पुन्हा तोच पासवर्ड मोठ्याने म्हणत मारला. पुन्हा नकार.

गच्चीवरून आवाज आला, "अंकल, मोदलने अक्षर दोड्डदु! कॅपिटल!"