डॉक्टरांनी जागामालक कसं व्हावं?

एमबीबीएस व्हायला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. जागामालक व्हायला एक खरेदीखत पुरतं. दवाखान्यासाठी इमारत घेऊन उरलेले गाळे भाड्यानं देऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या डॉक्टरांसाठी ही नियमावली.

१. गरजेच्या दुप्पट जागा घ्यावी. कुणी कारण विचारलंच, तर गंभीर चेहऱ्यानं 'भविष्य' म्हणावं.

२. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावं. 'पुढच्या महिन्यात मिळेल' हे बिल्डरचं आश्वासन आपल्या 'अजिबात दुखणार नाही' इतकंच भरवशाचं असतं.

३. स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट पाहावी. ती बंद पडली, तर हाडांच्या डॉक्टरांनी जिना हा तपासणीचाच भाग असल्याचं सांगावं.

४. तळमजल्यावर मेडिकल हवंच. मात्र त्याला किमान १० चौरस मीटर जागा लागते. जिन्याखालच्या कोनाड्यावर पाटी लावून भागत नाही. सोनोग्राफीवाल्याला त्याच जागेची पीसीपीएनडीटी नोंदणी लागते. रक्तानं माखलेला कापूस ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही; भाडं थकवणारा भाडेकरू कितीही ठेवता येतो.

५. भाडेकरू वर्गमित्र असेल, तर 'आपल्यात कशाला कागद?' असं म्हणून मन मोठं करावं. राज्याच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अगदी अकरा महिन्यांचासुद्धा. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. वर्गमित्राला हे कलम तोंडपाठ असतं.

६. रुग्णसेवा जीएसटीमुक्त, म्हणून निर्धास्त झोपावं. गाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के आहे आणि नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त फीसुद्धा धरतात, हे सीएला मार्चअखेरीस सांगू द्यावं.

७. आता मुख्य कलम. लॅबवाला बाजारभावाच्या तिप्पट भाडं देऊ लागला, तर आपल्या इमारतीला उठाव आहे असं समजून पेढे वाटावेत. तो चौरस फूट मोजत नसून आपल्या चिठ्ठ्या मोजतोय, ही शंका मनातही आणू नये. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनं मनाई केली आहे. कट पाकिटातून घेतला काय आणि भाड्याच्या पावतीवर घेतला काय, तो कटच.

तेव्हा डॉक्टर, भाडं जागेचंच घ्या. पेशंट तुमचा भाडेकरू नाही.