तुटक्या स्टडची मनधरणी

स्कूटरच्या मालकाला पिस्टन माहीत असतो, प्लगशी तर त्याची रोजची भांडणं असतात. सायलेन्सर मात्र ज्या दोन स्टडांच्या जिवावर इंजिनाला चिकटून असतो, त्यांची चौकशी कोणी करत नाही. पोलादाची छोटीशी कांडी, दोन्ही टोकांना आटे. एक टोक ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, दुसऱ्यावर नट. वर्षानुवर्षं हूं नाही की चूं नाही. मग एके दिवशी सायलेन्सर फटफटायला लागतो, पॅकिंग बदलायचं म्हणून मिस्त्री नटाला पाना लावतो आणि 'कट्' असा आवाज येतो. पाना छान फिरतो. नटही फिरतो. त्याच्याबरोबर अर्धा स्टडही फिरतो. उरलेला अर्धा आत बसलेला असतो आणि त्याचा बाहेर यायचा अजिबात विचार नसतो.

यात मिस्त्रीचा दोष काढू नये. स्टड त्याच्या हाती तुटला, पण त्याचं आयुष्य आधीच संपत आलेलं असतं. आजच्या गिअर नसलेल्या स्कूटरचं इंजिन जवळजवळ आडवं निजलेलं असतं आणि सायलेन्सरचं तोंड बहुधा खालून, रस्त्याकडे निघतं. म्हणजे कोल्हापुरात जून ते सप्टेंबर जे जे रस्त्यावरून वाहतं ते पुढच्या चाकाने उडून थेट तिथे जातं. वरून धुराची शेकडो अंशांची धग, खालून चिखलपाण्याचा शिपका. पोलाद गंजतं आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आट्यांत पाचर मारून बसतो. शिवाय पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात शेजारी ठेवले की त्यांच्यात विजेचा छुपा व्यवहार चालतो. त्यात झिजतं ॲल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी त्याच आट्यांत साचते. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात हे सगळं आणखी लवकर होतं.

१९७२ साली आलेल्या बजाज चेतकच्या मालकांना हे दुःख नव्हतं. तिचा सायलेन्सर सिलिंडरच्या तोंडावर क्लॅम्पने आवळलेला असायचा. त्यांची दुःखं वेगळी होती, आणि ती स्कूटर आडवी करून काढायची असत.

स्टड तुटल्याची बातमी गॅरेजबाहेर कशी जाते ते कळत नाही, पण जाते. पाच मिनिटांत सल्लागार जमतात. एक म्हणतो डिझेल सोडा, दुसरा म्हणतो ब्रेक ऑइल, तिसऱ्याच्या मते हेडच बदला, आणि ज्याला मुळात स्कूटर नाही तो म्हणतो, विकून टाका. मिस्त्री यातलं काही ऐकत नाही. तो गंज सोडवायचं तेल स्टडाच्या बुडाशी मारतो, हातोडीने दोन हलके टोले देतो आणि हात पुसत म्हणतो, "आता उद्या बघू. च्या घ्या, जावा घरला."

"आजच होणार नाही का?"

"हुईल की. पर मग हेड बी नवं घ्या."

मोबाइलवरच्या व्हिडिओत हेच काम दोन मिनिटांत होतं, कारण तेल मुरायची रात्र त्यातून कापलेली असते. खरं काम त्या कापलेल्या भागातच होतं. तेल केसाहून बारीक फटींतून हळूहळू वर चढतं आणि त्याला घाई करता येत नाही. रुसलेल्या जावयाला पाटावर आणायचं तर आधी त्याचं रागावणं पुरतं ऐकून घ्यावं लागतं, तसंच हे.

तेलाने भागलं नाही तर उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून हेड तापवलं की पकड सैल व्हायला हवी. होतेही, पण किती? ८ मिलिमीटरचा स्टड आणि तापमानात २०० अंशांची वाढ धरा, तर दोघांत पडणारं अंतर ०.०२ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्याशा फरकावर सगळी आशा! त्यात ॲल्युमिनियम लबाड. लोखंड वितळण्याआधी लालबुंद होऊन बजावतं, हे ६६० अंशांना रंग न बदलता गळून पडतं. पेट्रोलची टाकी बाजूला असताना दिवा पेटवणं तर शहाणपणाचं नव्हेच. म्हणून हेड उतरवायचं, पिशवीत घालायचं आणि उद्यमनगरातलं एखादं वर्कशॉप गाठायचं.

तिथला उपाय मला सगळ्यांत देखणा वाटतो. तुटक्या स्टडावर नवा नट ठेवतात आणि नटाच्या पोटात वेल्डिंग करून दोघांना एकजीव करतात. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला धक्का लागत नाही. लाल झालेला स्टड निवताना आक्रसतो, गंजाची पकड मोडते आणि पाना लावून हळूच मागेपुढे केलं की तो कुरकुरत बाहेर येतो. ज्या आगीने त्याला धरून ठेवलं तिनेच सोडवलं, हे बघायला मला दर वेळी आवडतं.

इझी आउट या हत्याराबद्दल माझं मत बरं नाही. स्टडाला मधोमध भोक पाडायचं, त्यात हा उलट्या पिळाचा खिळा ठोकायचा आणि फिरवायचं. पण तो कडक आणि ठिसूळ असतो. आत तुटला की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही, आणि मग स्पार्क मशीन शोधत हिंडावं लागतं. जिथे अख्खा स्टड हरला तिथे त्याच्या पोटातला बारका खिळा कसा जिंकेल, हा प्रश्न मात्र ठोकण्याआधी कोणी विचारत नाही.

सर्वांत सोशीक उपाय घड्याळजींकडे असतो. पितळी पट्टीत तुटलेला पोलादी स्क्रू ते तुरटीच्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात. तुरटी पोलाद खाते, पितळाला हात लावत नाही. न्हाव्याच्या पेटीतली ती तुरटी गालांचीच नव्हे तर घड्याळांचीही जखम भरते. स्कूटरच्या स्टडासाठी एवढा वेळ काढणारा मिस्त्री मी अजून पाहिलेला नाही.

काहीच चाललं नाही तर सगळं ड्रिल करून काढायचं आणि तारेचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवायचे. काम चोख होतं, फक्त भोक सरळ पडायला हवं.

शेवटी बिल येतं. त्यात वेल्डिंगचे पैसे असतात, नव्या स्टडाचे असतात, पॅकिंगचे असतात. तेल मुरेपर्यंत मिस्त्रीने हात आवरून धरला त्याचे नसतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत महाग काम होतं. ते समजून वरचे शंभर रुपये घासाघीस न करता द्या. आणि नवा स्टड बसताना शेजारी उभे असाल तर आट्यांना चिमूटभर कॉपर ग्रीस लावायला सांगा, मिळाला तर पितळी नट घाला, आणि पान्यावर लोंबकळून आवळू देऊ नका.