अजून चार बोटं वर

भिंतीवर टीव्ही किती उंच लावावा याचं उत्तर शास्त्राकडे तयार आहे. सोफ्यावर टेकून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 100 ते 110 सेंटीमीटरवर असतात आणि पडद्याचा मध्य तिथेच यावा. 55 इंची टीव्हीचा पडदा 68 सेंटीमीटर उंच असतो. म्हणजे त्याची खालची कड येते सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटरवर, उभ्या माणसाच्या मांडीशी. महाराष्ट्रातल्या फार थोड्या घरांत टीव्ही इतका खाली उतरलेला दिसतो. बाकीच्या सर्व घरांचं मनापासून कौतुक करायचं मी ठरवलं आहे.

टीव्ही बसवायला आलेला माणूस पाणसळ धरून पेन्सिलीनं खूण करतो. घरातले सगळे चार पावलं मागे सरकतात, मान तिरकी करून बघतात. आजोबा म्हणतात, "अजून चार बोटं वर घ्या." तो घेतो. ओट्यापाशी उभ्या असलेल्या काकू तिथूनच सांगतात, "अजून थोडा." असं करत करत पडद्याचा मध्य साडेपाच फुटांवर जातो आणि वरच्या कडेत नि माळ्यात वीतभरही अंतर उरत नाही. जाणकार याला अडाणीपणा म्हणतात. मला तो त्या दिवशी घरात घेतला गेलेला सर्वांत विचारी निर्णय वाटतो, कारण तो ठरवताना घरातल्या प्रत्येकाला विचारलेलं असतं.

शास्त्राच्या हिशेबात एकच माणूस आहे. तो सोफ्याच्या मधोमध बसतो, पाठ टेकतो आणि उठत नाही. असा माणूस आपल्या घरात कुठे असतो? सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याचे डोळे 75 ते 80 सेंटीमीटरवर असतात. आजोबा दिवाणावर लोडाला रेलून पडलेले असतात. एक मूल सोफ्याच्या हातावर, दुसरं दारात एक पाय बाहेर ठेवून. आणि घरातली बाई उभी असते. तिचे डोळे 140-145 सेंटीमीटरवर असतात आणि मालिका असो वा सामना, निम्मा कार्यक्रम ती उभ्यानंच बघते.

तिच्या बाजूनं हिशेब करून बघा. टीव्हीपासून सोफा तीन मीटरवर, स्वयंपाकघराचं दार पाच मीटरवर. सोफ्यावर बसलेल्यांची डोकी जमिनीपासून सुमारे 120 सेंटीमीटरवर. दारातून 145 सेंटीमीटरवरून निघालेली नजर त्या डोक्यांना घासून गेली, तर ती भिंतीवर साडेब्याऐंशी सेंटीमीटरच्या आसपास पोहोचते. त्याखालचं सगळं झाकलं जातं. शास्त्रशुद्ध लावलेल्या टीव्हीची खालची दहा-अकरा सेंटीमीटर तिच्यासाठी नाहीतच. क्रिकेटच्या प्रक्षेपणात नेमकी त्याच जागी धावफलकाची पट्टी असते. बातम्यांतल्या सरकत्या ओळीही तिथेच. पोळी तव्यावर टाकून ती दोन पावलं पुढे येते, मैदान दिसतं, चेंडू दिसतो, किती झाल्या ते मात्र विचारावं लागतं. साडेपाच फुटांवर टीव्ही चढवला की पडद्याची खालची कड 130 सेंटीमीटरवर जाते आणि एकही डोकं आड येत नाही.

ही समज आपल्याकडे टीव्हीइतकीच जुनी आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडात संच असे आणि संध्याकाळी ती खोली सगळ्या मजल्याची होई. पुढे मुलं, मागे म्हातारी माणसं, त्यामागे उभे शेजारी, खिडकीच्या गजांना धरून आणखी काही. 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं तेव्हा तर उंबऱ्याबाहेरही दाटी होऊ लागली. ज्यांच्या घरी संच होता त्यांनी तो टेबलावरून उचलून शोकेसवर, कपाटावर, फळीवर चढवला, तो दारातल्या माणसासाठी. स्वतःच्या डोळ्यांचा विचार करून कुणी संच कपाटावर ठेवत नाही. सलूनमध्ये, खानावळीत, एसटीच्या कँटीनमध्ये तो लोखंडी अँगलवर छताजवळ गेला, तोही याच कारणानं. घरात आता शेजारी येत नाहीत, पण उंची टिकून राहिली आहे आणि ती टिकावी असंच मला वाटतं. पाहुणे आले, पूजा असली, हॉलमध्ये पंधरा माणसं झाली की तिचं मोल कळतं.

त्या जागेला आधीचा मानही आहे. जुन्या घरांत पूर्वजांच्या तसबिरी दारावर, हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी लावत. खालची कड भिंतीला टेकलेली आणि वरची कड दोरीवर पुढे झुकलेली, म्हणजे काचेवर उजेड चमकत नसे आणि खालून बघणाऱ्याला चेहरा सरळ दिसे. आज जो पुढे कलणारा ब्रॅकेट मिळतो तो हेच काम करतो. काही पॅनेल्सचा कॉन्ट्रास्ट खालून बघताना फिका पडतो. पडदा दहा-पंधरा अंश पुढे झुकवला की तो पुन्हा भरतो. आपल्या पणजोबांच्या तसबिरीला हे सुतळीच्या तुकड्यानं साधलं होतं.

विजेच्या पॉइंटचाही इथे मान राखला जातो. बिल्डरच्या वायरमननं प्लास्टरच्या आधी पाइप टाकताना जिथे डबी बसवली, तिथेच तो घराच्या जन्मभर राहतो. टीव्ही खाली घेतला तर सॉकेट, सेट-टॉप बॉक्सची वायर आणि केबलचं भोक पडद्याच्या वर उघडं पडतं. म्हणून टीव्ही त्यांच्यावर बसतो आणि सगळं झाकतो. कधी न भेटलेल्या कारागिराचा निर्णय पुढची वीस वर्षं इतक्या निष्ठेनं पाळणारी कुटुंबं मला आवडतात.

आता मानेबद्दल, कारण आक्षेप तिथेच आहे. सोफा तीन मीटरवर असेल तर साडेपाच फुटांवरचा मध्य बघायला नजर 11 अंश वर जाते. खोली लहान असेल आणि अंतर दोन मीटर असेल तर 17 अंश, आणि वरच्या कडेपर्यंत 25. अमेरिकेतल्या एसएमपीटीई या संस्थेनं चित्रपटगृहांसाठी पहिल्या रांगेतून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत 35 अंशांची मर्यादा घालून दिली आहे. आपण तिच्या बरेच आत आहोत. तरीही ताठ बसून चार तास सामना बघितला की मान भरून येते. उपाय लोड हाच. धड मागे रेललं की नजर आपोआप वर जाते आणि मानेला वळावं लागत नाही. दवाखान्यातल्या खोलीत टीव्ही उंच असतो, कारण बघणारा पडलेला असतो.

आजोबांचं "चार बोटं वर" तर चष्म्यातून आलेलं असतं. बायफोकल काचेत लांबचं बघायचा नंबर वरच्या भागात आणि वाचायचा नंबर खाली. लोडाला रेललेल्या माणसानं समोरचा खालचा टीव्ही बघितला की नजर काचेच्या खालच्या भागातून जाते आणि चित्र धूसर होतं. मग आजोबा हनुवटी छातीला टेकवतात आणि त्यांची मान खरोखर दुखते. टीव्ही वर गेला की वरचा नंबर आपोआप कामाला येतो. जाणकार या माणसाचं म्हणणं "जुन्या सवयीचं" म्हणून उडवून लावतील, पण मोजपट्टी घेतलेल्या कुणाहीपेक्षा त्याला आपले डोळे जास्त माहीत आहेत.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना आणखी कारण द्यायची गरज नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि खालच्या घरांत टेबलावरचं सामानही पाण्यात गेलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरनं तेच बघितलं. छातीएवढं पाणी शिरलं तर साडेपाच फुटांवरच्या पडद्याला काही आशा असते. रांगणारं मूल टीव्ही धरून उभं राहायला गेलं तर तो अंगावर येण्याचं भयही त्या उंचीवर उरत नाही.

तेव्हा नव्या घरात टीव्ही लावणार असाल तर भिंत आधी ठोकून बघा. हलक्या सिमेंट ब्लॉकची असेल तर साधे प्लग धरत नाहीत, त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग मागा. ब्रॅकेट पुढे कलणाराच घ्या. मग सोफ्यावर दोन माणसं बसवा, जी बाई ओट्यापाशी जास्त वेळ उभी असते तिला स्वयंपाकघराच्या दारात उभं करा, आणि पेन्सिल तिच्या सांगण्यावरून चालवा. सोफ्यावरचे कुरकुरतील. त्यांना लोड द्या.